पहिलीच्या दारात वही मागू नका : पुण्यातल्या प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक सर आणि बाई,

सस्नेह नमस्कार.

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षं बालवर्ग चालवते. पहिली अकरा वर्षं पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आणि वाडा पाडायला निघाल्यावर सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात. शिशुवर्ग, छोटा गट आणि मोठा गट मिळून साठेक मुलं, चार ताई, दोन मावश्या आणि मागच्या अंगणात आंब्याखाली वाळूचा हौद. दर वर्षी आमच्याकडून बाहेर पडणारी मुलं तुमच्याकडे पहिलीत येतात. म्हणून हे पत्र पालकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. साडेबाराला शाळा सुटली होती, रिक्षाकाका बाकीच्या मुलांना घेऊन गेले होते. मोठ्या गटातल्या एका मुलाची आई फाटकाशी थांबली होती. मुलगा वाळूत पुरून ठेवलेली चप्पल उकरत होता. तिने त्याच्या दप्तरातली वही काढली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि मला म्हणाली, "ताई, वर्ष संपत आलं. ह्यात नुसत्या रेघोट्या आहेत, एक अक्षर नाही. मग ह्याने वर्षभर केलं तरी काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती घाबरली होती. ज्या शाळेत ती पहिलीच्या प्रवेशाची चौकशी करायला गेली होती, तिथे तिला सांगितलं होतं की मुलाला मुळाक्षरं, मोठी आणि लहान एबीसीडी, शंभरपर्यंत अंक आणि स्वतःचं नाव लिहिता आलं पाहिजे, नाहीतर "पुढे त्यालाच जड जाईल". त्या शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही. एका शाळेचं नाव घेऊन काही साधणार नाही, कारण हे "त्यालाच जड जाईल" मी मराठी माध्यमाच्या, इंग्रजी माध्यमाच्या, जुन्या नावाजलेल्या आणि परवा उघडलेल्या, अशा सगळ्या प्रकारच्या शाळांतून परत आलेल्या पालकांच्या तोंडून ऐकलं आहे.

तुमच्या कार्यालयात खिडकीपाशी सहज बोललेलं हे एक वाक्य खाली आमच्यापर्यंत येताना काय होऊन येतं, ते मला सांगायचं आहे. पहिलीने मागितलं म्हणून मोठा गट बाराखडी घेतो. मोठ्या गटात बाराखडी घ्यायची तर छोट्या गटात मुळाक्षरं संपायला हवीत. छोट्या गटात मुळाक्षरं संपवायची तर शिशुवर्गात पेन्सिल धरता यायला हवी. आणि मग तीन वर्षांचं, अजून शीसाठी मावशीला हाक मारणारं मूल बाकावर बसून 'स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन'ची पानं भरतं. शहरातल्या कितीतरी बालवर्गांत आज सकाळी हेच चाललं असेल. त्या ताई वाईट नाहीत. त्यांच्यापुढे जूनमध्ये पालक उभे राहतात आणि पालकांच्या मागे तुम्ही उभे असता.

माझ्याकडूनही हे झालं आहे. पहिली चार-पाच वर्षं मीही वह्या गिरवून घेत होते. छोट्या गटातली एक मुलगी रोज साडेदहाला पोट दुखतं म्हणायची. साडेदहाला वह्या निघायच्या. ह्या दोन गोष्टी जुळवून बघायला मला जूनपासून दिवाळीपर्यंतचा वेळ लागला, तोवर तिच्या आईचे दोन डॉक्टर करून झाले होते. एक दिवस मी तिचा हात हातात धरून 'ग' गिरवून घेत होते. तिच्या तळव्याचा घाम माझ्या बोटांना लागला, इतका की पेन्सिल निसटली. ती माझ्याकडे न बघता वहीकडेच बघत होती आणि तिने श्वास धरून ठेवला होता. त्या आठवड्यात मी वह्या कपाटात ठेवल्या. ती मुलगी आता कमावती झाली असेल. तिची माफी मागायची राहून गेली आहे.

त्यानंतर मी मुलांचे हात बघायला शिकले. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी कूर्चेची, मऊ असतात. पहिल्या वर्षात त्यातली दोन हाडं धरायला लागतात, मग पुढे हळूहळू एकेक. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी तीन-चार हाडांच्याच खुणा दिसतात. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी येतं. हाडांचं वय किती हे बघायचं असलं की डॉक्टर हाताचा आणि मनगटाचाच एक्स-रे काढतात, ते ह्यामुळेच. हाडं पक्की नाहीत म्हणून लिहिता येत नाही, इतकं हे सरळ नाही हे मी जाणते. पण जो हात अजून घडतो आहे त्याच्याकडून आपण एका सुतात चालणारी रेघ मागतो आहोत, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं. हाताची ताकद वरून खाली येते : आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. जे मूल फांदीला लोंबकळतं, पाण्याची बादली ओढत नेतं, कणीक तिंबतं, त्याचा खांदा आणि मनगट लिहायच्या तयारीला लागलेलं असतं. बाकावर पेन्सिल मुठीत धरून बसलेल्याचं तसं होत नाही. तो सगळ्या अंगाचा जोर कागदावर देतो, कागद फाटतो आणि आपण त्याला "हलकं लिही" म्हणतो.

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीआधी किल्ला होतो. पुण्यात वाढलेल्या कुणाला किल्ला समजावून सांगायला नको. फक्त तो पाच वर्षांच्या मुलांनी करायचा असतो, ताईंनी करून मुलांनी बघायचा नसतो, एवढा आमचा नियम आहे. माती चाळणीने चाळायची. विटांचे तुकडे रचून वर ओलं पोतं टाकायचं. मग मातीचा गिलावा. मागच्या वर्षी पहिल्या दिवशीच बुरूज खाली बसला. सगळे गप्प. मग एक मुलगी, जी एरवी गोलात बसल्यावर तोंड उघडत नाही, म्हणाली, "पाणी लई झालं." दुसऱ्याला ते पटलं नाही, त्याच्या मते विटा चुकल्या होत्या. दोघांनी दोन बुरूज केले, एक कमी पाण्याचा, एक जास्त विटांचा, आणि दुसऱ्या दिवशी डबा खायच्या आधी सगळा मोठा गट कुठला टिकला ते बघायला पळाला. दोन्ही टिकले होते. त्यावर त्यांचं जे भांडण झालं ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे, कारण "का" आणि "म्हणून" हे दोन शब्द मी त्या दिवशी जितके ऐकले तितके कुठल्याही पाठात ऐकले नाहीत.

त्यानंतर पायऱ्या. आइस्क्रीमच्या काडीने ओली माती दाबून एकेक पायरी काढायची. नंतर अळीव आणि मोहरी पेरायची. चिमटीत चार-पाच दाणे घ्यायचे आणि उतारावर सोडायचे. जास्त पडले तर शेत एकाच जागी उगवतं, हे आधीच्या गटातली मुलं पुढच्यांना सांगून जातात. मग ओंजळीतून न ओतता बोटांनी पाणी शिंपडायचं. तुम्ही ती चिमूट जवळून बघावी असं मला फार वाटतं. अंगठा, तर्जनी आणि त्यांना खालून आधार देणारं मधलं बोट. पेन्सिलही ह्याच तीन बोटांत बसते. मोहरीचा दाणा चिमटीत धरता येणाऱ्या मुलाला पेन्सिल कशी धरायची हे मला कधी शिकवावं लागलेलं नाही.

आता त्या आईकडे परत येते. मी तिला आत घेऊन गेले. मोठ्या गटाच्या खोलीत तेव्हा मंडई मांडलेली होती. जानेवारीच्या शेवटी आम्ही मुलांना महात्मा फुले मंडईत नेतो. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून मान वर करून बघायचं, गाळ्यांवरून फिरायचं, प्रत्येकाने दहा रुपयांची एक गोष्ट स्वतः विकत घ्यायची. परत आल्यावर दोन आठवडे खोलीत मंडई चालते. फळांचे लाकडी खोके उलटे टाकून गाळे होतात. हँगरला दोन करवंट्या बांधल्या की तराजू. कांदे, बटाटे, लिंबं खरी. वांगी आणि गाजरं मुलांनी मातीची करून रंगवलेली. पैसे म्हणजे चिंचोके.

तिचा मुलगा लिंबांच्या गाळ्यावर होता. "तीन चिंचोक्यांना दोन लिंबं" हा भाव त्याने स्वतः ठरवला होता आणि कुणी पाच चिंचोके पुढे केले की तो दोन परत द्यायचा. वजाबाकी हा शब्द त्याने ऐकलेला नाही. एका दिवशी सगळी लिंबं विकली गेली, तरी गिऱ्हाईक येतच राहिलं आणि प्रत्येकाला "नाहीत" सांगून तो वैतागला. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक गोल काढला, त्यावर फुली मारली आणि पुठ्ठा गाळ्यावर टेकवून ठेवला. एका मुलीने तो बघून विचारलं, "इथं लाडू मिळत नाहीत का?" तेव्हा तो माझ्याकडे आला. "ताई, 'संपली' कसं लिहायचं?"

मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ती समोर ठेवून, जमिनीवर पालथं पडून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून त्याने ते पुठ्ठ्यावर उतरवलं. अनुस्वार लिंबाएवढा. 'ली'ची वेलांटी डावीकडून. पण कुणीही वाचावं इतकं स्वच्छ 'संपली'. त्याने आयुष्यात लिहिलेला तो पहिला शब्द. त्याला कुणी गिरवायला लावला नव्हता. तो त्याला हवा होता, कारण दारात गिऱ्हाईक उभं होतं. पुढच्या दोन दिवसांत सगळ्या गाळ्यांवर पाट्या लागल्या. कांद्याच्या गाळ्यावर नुसतं 'का' होतं, तेवढं पुरलं.

आईने तो पुठ्ठा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली, त्या वेलांटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पण ताई, हे शाळेत दाखवता येत नाही ना."

तिच्या ह्या बोलण्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. जे तिला समजलं ते शाळेत दाखवता येत नाही, कारण शाळा वही मागते.

खेळातून शिक्षण म्हणजे मुलांना मोकळं सोडून ताईंनी खुर्चीत बसणं, असा तुमच्यापैकी काहींचा समज असेल तर तो मनापासून दूर करावासा वाटतो. मंडईच्या आधी आम्ही चार जणी दोन शनिवार बसून काय मांडायचं ते ठरवतो. तराजूच्या करवंट्या मुद्दाम सारख्या घेत नाही, म्हणजे रिकामा तराजू एका बाजूला का झुकतो हा प्रश्न कुणाला तरी पडतो. लिंबं मुद्दाम कमी ठेवतो. खेळताना प्रत्येक ताईकडे पाच-सहा मुलांची नावं असतात आणि त्या दिवशी तिने त्यांच्याबद्दल जे पाहिलं ते संध्याकाळी लिहायचं असतं : कोण किती वाक्यं बोललं, कुणी मोजताना एक वस्तू दोनदा धरली, कुणाला आपली पाळी येईपर्यंत थांबता आलं. हे काम गिरवून घेण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे. वही समोर टाकली की वर्ग शांत होतो, हेही मी अनुभवानं सांगते.

उलट बाजूही सांगायला हवी. फाटकावर 'खेळातून शिक्षण' असा फलक लावलेले आणि आत बाक मांडलेले बालवर्ग मी पाहिले आहेत. शुक्रवारी अर्धा तास घसरगुंडी आणि उरलेला आठवडा छापील कागद. कागदावरचं सफरचंद रेषेबाहेर न जाता लाल रंगवणं ह्याला मी खेळ म्हणणार नाही. खेळात मूल स्वतः काहीतरी ठरवतं, मध्येच बदलतं, कंटाळा आला की सोडून देऊ शकतं. लिंबवाला दुसऱ्या दिवशी हमाल झाला, त्याला कुणी अडवलं नाही.

हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे, असं एका पालकसभेत मला ऐकवलं गेलं. पण आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला तो १९२६ मध्ये. १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून पानं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं झाली. अंगणवाडी ह्या शब्दाची मुळं तिथली आहेत. ज्या योजनेत आज अंगणवाड्या चालतात ती एकात्मिक बालविकास योजना सरकारने सुरू केली ती १९७५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. ताराबाईंच्या बरोबर जन्मभर राबलेल्या अनुताई वाघ आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. ह्या बायकांनी कुणाचं अनुकरण केलं नाही. समोरच्या मुलांकडे बघितलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन शिकवायला वापरली.

कागदोपत्री तर सगळं ठरून गेलेलं आहे. मुलांवरचं अभ्यासाचं ओझं कमी कसं करायचं हे बघायला सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं की बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमात प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि त्यानंतर प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. "आम्ही परीक्षा घेत नाही, फक्त गप्पा मारतो" असं सांगून पाच वर्षांच्या मुलापुढे पाटी सरकवली जाते, ती चाळणीच झाली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरला आहे. बालवर्गाची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. ऑक्टोबर २०२२ मध्ये ह्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्याचा सगळा डोलारा खेळावर उभा आहे.

ह्या जोडणीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. पहिली-दुसरी आमच्याकडे जोडली, ती खेळ, गप्पा, गाणी आणि हाताने करून बघणं दोन वर्षं आणखी वर जावं म्हणून. घडलं मात्र उलटं. बाक, वही आणि गृहपाठ तीन वर्षं खाली उतरले. राज्याचं शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचं कार्यालय आपल्या कुमठेकर रस्त्यावर आहे, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. पहिलीची पुस्तकं जिथे तयार होतात त्याच शहरात, पहिलीचं पुस्तक हातात पडायच्या आधीच ते येत असलं पाहिजे असं आपण मुलांना सांगतो. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक चित्रांवरच्या गप्पांपासून सुरू होतं. ते ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच लिहिलेलं आहे.

त्यात वयाचा घोळ. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल जूनमध्ये पहिलीत बसतं, म्हणजे तुमच्या वर्गात साडेपाच वर्षांची मुलंही असतात. त्या वयात सहा महिने म्हणजे आयुष्याचा अकरावा भाग. ज्याला तुम्ही 'कच्चा' म्हणता तो कितीदा तरी फक्त नोव्हेंबरात जन्मलेला असतो.

दोन लिप्यांचंही तेच. एकाच आठवड्यात 'इ', 'ई' आणि 'ई फॉर एलिफंट', आणि घरी आजी म्हणते तो हत्ती. चार वर्षांच्या पोराने ह्यातून नेमकं काय धरायचं?

पालकांवर मला खापर फोडायचं नाही. काही वर्षांपूर्वी रिक्षा चालवणारे एक बाबा आले होते. मी त्यांना हौद, बाहुलीघर, ठोकळे सगळं उत्साहाने दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही खेळतच मोठे झालो ताई, म्हणून तर इथं राहिलो. पोराला खेळवायला मी फी भरत नाही." ह्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. त्यांनी सोसलेलं होतं आणि मुलाच्या वाट्याला ते येऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या दृष्टीने भरलेली वही ही पावती आहे. पैसे दिले, त्याचं काय मिळालं ते दिसायला हवं. मी त्यांना किल्ला आणि मंडई समजावून सांगितली, त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलाला दुसरीकडे घातलं. मी कितीही सांगितलं तरी माझ्या शब्दाला तेवढं वजन नाही. तुमच्या शब्दाला आहे. शाळेच्या शिक्क्यासह एक ओळ तुम्ही लिहून दिली असती, "पहिलीत येताना मुलाला लिहिता-वाचता येण्याची अपेक्षा नाही, ते शिकवणं आमचं काम आहे", तर ते बाबा त्या रात्री निवांत झोपले असते.

आणि "खेळतो तर घरीही" हे आता खरं राहिलेलं नाही. डबा ऐसपैस, विषामृत, लगोरी, लंगडी ह्या खेळांना जागा लागते आणि वेगवेगळ्या वयाची पोरं लागतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या आहेत, गच्चीला कुलूप आहे, वस्तीत बोळ आहे आणि बोळातून दुचाक्या जातात. आजी गावाकडे. दोघं कामावर. संध्याकाळी मोबाइल हातात दिला जातो तो कुणाच्या हौसेने दिला जात नाही. आमच्याकडे शिशुवर्गात येणारी काही मुलं मातीला हात लावत नाहीत, बोटं ताठ धरून उभी राहतात. पूर्वी जे अंगणात आपोआप होत होतं ते आता कुणीतरी ठरवून द्यावं लागतं, आणि ते द्यायला ह्या वयात बालवर्गाखेरीज दुसरी जागा उरलेली नाही. तीही आपण वहीला देऊन टाकली तर मूल खेळणार कुठे?

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. पन्नास मुलांचा वर्ग, एक शिक्षिका, निम्मी मुलं लिहून आलेली आणि निम्मी नाही. न लिहिणारी मुलं मागे पडतील ही तुमच्या बाईंची काळजी खरी आहे. माझ्याकडची मुलं जूनमध्ये मागे दिसतात, हे मी मान्य करते. पालक जुलैत रडकुंडीला येऊन फोन करतात. दिवाळीनंतर तेच पालक येतात तेव्हा लिहिण्याचा विषय निघत नाही. मूल वर्गात हात वर करून प्रश्न विचारतं, ते शाळेत चालतं का, हे विचारायला येतात. हा माझ्या बालवर्गापुरता अनुभव आहे, त्याहून मोठा दावा मी करत नाही.

माझं मागणं मोठं नाही. प्रवेशाच्या पत्रकावर शिक्क्याची ती एक ओळ छापा आणि खिडकीतल्या माणसालाही तेच सांगायला सांगा. पहिलीचे पहिले तीन महिने वही काढू नका. 'विद्या प्रवेश' हा तीन महिन्यांचा खेळांवर आधारलेला कार्यक्रम एनसीईआरटी ह्या केंद्राच्या शिक्षण परिषदेने २०२१ मध्ये नेमका ह्यासाठीच तयार केला आहे, तो कपाटातून बाहेर काढा. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल'चे मेळावे भरतात, तिथे मूल उड्या मारतं, वस्तूंची वर्गवारी करतं, चित्र बघून बोलतं आणि आईला त्याच्याबरोबर घरी काय करायचं ते सांगितलं जातं. नामांकित खासगी शाळांनी ते एकदा जाऊन बघावेत. वर्गातली एक बाजू तरी बाकांविना ठेवा, मुलांना पालथं पडून लिहिता येऊ दे. आणि वहीऐवजी आमच्या नोंदी मागा. प्रत्येक मुलाची तीन-चार पानं आम्ही आनंदाने देऊ. त्यात तुम्हाला कळेल की ह्याला गर्दीत आवाज चढवता येत नाही, त्याला पुढे बसवा; हिला कात्री डाव्या हाताने लागते; तो चिडला की दोन मिनिटं खिडकीशी उभा राहतो आणि आपणहून परत येतो, त्याला ओढून आणू नका.

ह्या जूनमध्ये माझ्या मोठ्या गटातली एकोणीस मुलं तुमच्याकडे येतील. त्यातल्या सहा जणांना स्वतःचं नाव लिहिता येतं, ते त्यांनी आपापल्या चित्रांखाली घालायला हवं म्हणून शिकून घेतलं. बाकीच्यांना येत नाही. एकोणीसही जण घडलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू शकतात, वीसपर्यंत वस्तू मोजून देऊ शकतात आणि न कळलेलं विचारतात. लिंबवाला मुलगा त्यांच्यात आहे. त्याच्या आईने अजून शाळा ठरवलेली नाही.

तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी पहिलीच्या बाईंना घेऊन एकदा आमच्याकडे या. मुलांनी हट्ट केला म्हणून मंडई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मांडणार आहोत, रोज दहा ते साडेअकरा. चिंचोके दारातच मिळतील. येताना कापडी पिशवी घेऊन या, गाळ्यांवर पिशवी देत नाहीत.

आपली,
एका बालवर्गाची ताई
पुणे